अल्फा ०.८६ आला, आता मुळशीतल्या बायकांकडे परत जा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. एम.ए.च्या प्रबंधासाठी तुम्ही पीएचक्यू-९ ही नैराश्याची प्रश्नावली (नऊ प्रश्न, गेल्या दोन आठवड्यांबद्दल, प्रत्येकाला ० ते ३ गुण) स्वतः मराठीत आणलीत, उलट भाषांतर (मराठीचं पुन्हा इंग्रजी करून मूळाशी ताडणं) करून घेतलंत आणि सुमारे ३०० बायकांना विचारलीत. निम्म्या कोथरूडच्या, एप्रिलमध्ये; निम्म्या मुळशी तालुक्यातल्या, जुलैमध्ये. क्रॉनबाखचा अल्फा ०.८६ आला आणि मुळशीची सरासरी कोथरूडपेक्षा तीन गुणांनी जास्त निघाली. मार्गदर्शक म्हणतात, विश्वसनीयता सिद्ध झाली. आता ग्रामीण बायकांमध्ये नैराश्य जास्त आहे असं लिहा आणि मूळ अमेरिकी अभ्यासाशीही तुलना करा. तुम्हाला मात्र काहीतरी खटकतंय.

खटकतंय ते योग्यच आहे. पण उत्तराआधी एक काम करा. नववा प्रश्न मरणाच्या आणि स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे. त्याला ज्यांनी शून्य सोडून काहीही उत्तर दिलं आहे, ते सगळे फॉर्म आज बाजूला काढा. त्या बायकांशी त्याच वेळी कुणी बोललं होतं का, ते तपासा. नसेल, तर मार्गदर्शकांना आजच सांगा आणि त्या बायकांपर्यंत पोहोचण्याची सोय करा. एवढी घाई का, ते पुढे येईलच.

मी पुण्यात क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून २२ वर्षं काम करते. त्यातली बरीच वर्षं ओपीडीबाहेर गेली: प्रश्नावल्या मराठीत आणणं, आशाताईंना त्या विचारायला शिकवणं, आलेले आकडे खरे किती हे पाहणं. त्यामुळे खालचं बरंचसं या भागात फिरून कळलेलं आहे.

आधी अल्फाबद्दल. ली क्रॉनबाख यांनी १९५१ मध्ये मांडलेला हा आकडा एवढंच सांगतो की प्रश्नावलीतले प्रश्न एकमेकांबरोबर वरखाली होतात. एका प्रश्नाला जास्त गुण देणारी बाई दुसऱ्यालाही जास्त देते. पण का देते, हे अल्फाला माहीत नसतं. थकवा, झोप न लागणं, भूक मंदावणं, लक्ष न लागणं ही चारही लक्षणं नैराश्यामुळे एकत्र येतात, तशी रक्तक्षयामुळेही येतात आणि चिखलात दिवसभर वाकून भात लावल्यामुळेही येतात. तिन्ही वेळा अल्फा छान येईल.

शिवाय तो प्रश्नांच्या संख्येवर फुगतो. प्रश्नांचा आपसातला सरासरी सहसंबंध ०.३ इतका बेताचा धरला, तर ९ प्रश्नांचा अल्फा ०.७९ येतो आणि त्याच दर्जाचे २० प्रश्न घेतले तर ०.९०. प्रश्न सुधारला नाही, फक्त यादी लांबली. आणि विश्वसनीयता प्रश्नावलीला कायमची चिकटलेली नसते. ती त्या वेळी, त्या गटाने, त्या पद्धतीने दिलेल्या गुणांची असते. म्हणून ३०० बायकांचा मिळून एक अल्फा काढून थांबू नका. कोथरूडचा वेगळा, मुळशीचा वेगळा काढा.

तुमच्यासमोर खरं तर तीन वेगळे प्रश्न एकात मिसळले आहेत. ही प्रश्नावली मुळशीत स्थिर उत्तरं देते का? ती तिथे नैराश्यच मोजते का? आणि मुळशीतले १० गुण आणि कोथरूडमधले १० गुण सारख्याच त्रासाचे आहेत का? अल्फा पहिल्याचा एक कोपरा दाखवतो. तुमच्या मार्गदर्शकांचं वाक्य तिसऱ्याचं उत्तर गृहीत धरतं.

किती खोलात जायचं हे हेतूवर अवलंबून आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रात कुणाशी सावकाश बोलायला हवं एवढंच ओळखायचं असेल, तर तिथल्या लोकांसाठी योग्य कट-ऑफ, म्हणजे किती गुणांपासून पुढे तपासायचं ती रेघ, सापडला तरी काम भागतं; अमेरिकेशी समता असण्याची गरज नाही. उपचाराने एखादीला फरक पडला का पाहायचं असेल, तर वेळेनुसारची स्थिरता सर्वांत महत्त्वाची. पण दोन गटांच्या सरासरीची तुलना छापायची असेल, तर अट सर्वांत कडक होते. तुम्ही नेमकी हीच वाट धरली आहे.

भाषेपासून सुरुवात करते, कारण माझ्या अनुभवात बिघाड बहुतेक वेळा तिथेच असतो.

उलट भाषांतरावर आपण गरजेपेक्षा जास्त विसंबतो. पीएचक्यूचा पहिला प्रश्न गोष्टींमध्ये रस किंवा आनंद न वाटण्याबद्दल आहे. 'कामांमध्ये रस वाटत नाही' असं मराठी केलं तर इंग्रजीत ते चोख उलटतं आणि समितीही खूश होते. मुळशीतल्या एका गावात साठीच्या एका आजींना हा प्रश्न विचारताना मी शेजारी बसले होते. त्या म्हणाल्या, "कामात कसला आलाय रस? काम ते काम. करावंच लागतं." आमच्या कार्यकर्तीने 'जवळजवळ रोज' वर खूण केली. गुण तीन. आजी त्यानंतर अर्धा तास नातवाच्या गमती सांगत हसत होत्या. त्यांच्याच भाषेत 'हल्ली कशात मन रमतं का? आधी रमायचं, आता नाही, असं झालंय का?' असं विचारल्यावर उत्तर आलं, "रमतं की! पोरगं आहे ना." गुण शून्य. उलट भाषांतर शब्द जुळले की नाही ते दाखवतं. ऐकणाऱ्याने काय ऐकलं ते दाखवत नाही.

सहाव्या प्रश्नाची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे. मुळात त्यात स्वतःबद्दल वाईट वाटणं, आपण अपयशी आहोत असं वाटणं आणि स्वतःची किंवा घरच्यांची निराशा केली असं वाटणं, एवढं सगळं एकत्र आहे. 'अपयशी' हा शब्द आपल्याकडे परीक्षेला आणि धंद्याला लागतो. "मी कुठं परीक्षा दिली?" असं मला खरोखर ऐकायला मिळालं आहे. मग कुणीतरी सुचवतं, 'घरच्यांना मान खाली घालायला लावली असं वाटतं का?' पण हे वाक्य अब्रूबद्दल आहे, चार लोकांसमोर झालेल्या लाजेबद्दल. मुलीने पळून जाऊन लग्न केलं तर आई याला 'हो' म्हणेल, मग तिला नैराश्य असो वा नसो. मूळ प्रश्नाला हवी आहे आतली बोच, स्वतःला दोष देणं. आम्ही बरेच पर्याय करून शेवटी 'आपण घरच्यांसाठी कमी पडलो असं मनाला लागून राहतं का?' इथे आलो. 'कमी पडलो' म्हणताच समोरच्या बाईचा चेहरा बदलतो. तिला कळतं आपण काय विचारतोय.

इंग्रजीतले वाक्प्रचार तर जागोजाग अडवतात. बाळंतपणानंतरच्या नैराश्यासाठी १९८७ मध्ये स्कॉटलंडमध्ये तयार झालेल्या एडिनबरा प्रश्नावलीत एक वाक्य शब्दशः घेतलं तर 'गोष्टी माझ्या डोक्यावर चढत आहेत' असं होतं. मराठीत डोक्यावर चढतं ते लाडावलेलं पोर. म्हणायचं असतं की सगळं अंगावर येतंय, आवरेनासं झालंय.

उलट्या दिशेनेही पाहायला हवं: आपल्याकडे त्रास सांगण्याचे जे शब्द आहेत, त्यांना या नऊ प्रश्नांत जागा आहे का? डोकं जड होतं, काळजात धडधड होते, जीव घाबरा होतो, अंगात जीव नाही, डोक्यात नुसते विचार फिरतात. मानसोपचारतज्ज्ञ डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी झिम्बाब्वेमध्ये १९९० च्या दशकात शोना भाषेतली १४ प्रश्नांची प्रश्नावली तयार केली, तेव्हा आधी तिथले लोक आणि त्यांचे वैदू त्रासाला काय म्हणतात हे गोळा केलं. त्यात 'कुफुंगिसिसा' हा शब्द वारंवार आला, म्हणजे अति विचार करणं. मुळशीत "लय विचार येत्यात" म्हणणारी बाई त्याच्या अगदी जवळचं काही सांगत असते. तिच्या या वाक्याला पीएचक्यूमध्ये रकाना नाही.

मात्र यावरून 'आपले लोक फक्त अंगाच्या तक्रारी सांगतात' असं लिहू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या १४ देशांतल्या अभ्यासात बंगळूरही होतं. त्यातल्या नैराश्य असलेल्या १,१४६ रुग्णांबद्दलचा शोधनिबंध १९९९ मध्ये आला. ६९ टक्के रुग्ण डॉक्टरकडे केवळ शारीरिक तक्रार घेऊन आले होते, पण नीट विचारल्यावरही मनाच्या तक्रारी नाकारणारे फक्त ११ टक्के निघाले. लोक दाराशी गुडघेदुखी घेऊन येतात; आत बसवून विचारलं तर मनाचंही सांगतात. कसं विचारतो, यावर सगळं अवलंबून आहे.

कसं विचारतो यात उत्तराचे पर्यायही येतात. 'काही दिवस', 'अर्ध्याहून जास्त दिवस', 'जवळजवळ रोज' ही मराठी वाक्यं शुद्ध आहेत, पण शाळेत न गेलेल्या बाईला 'अर्ध्याहून जास्त' चा हिशेब मनात करायला लावणं बरोबर नाही. आम्ही चौदा चिंचोके नेतो. समोर पसरतो आणि सांगतो, 'गेल्या दोन आठवडी बाजारांपासूनचे हे चौदा दिवस. जितके दिवस असं वाटलं तितके चिंचोके अलीकडे ओढा.' एक किंवा शून्य आला तर ०, दोन ते सहा म्हणजे १, सात ते अकरा म्हणजे २, बारा ते चौदा म्हणजे ३. बायका चिंचोके मोजताना मोठ्याने बोलतात: "सोमवारी बरी होते, मंगळवारी भाऊ आला होता..." हे बोलणं ऐकणं फार मोलाचं. त्यातून कळतं की प्रश्न पोचला की नाही.

नकारार्थी प्रश्नांबाबत एक सावधगिरी. 'तुम्हाला झोप लागत नाही का?' याला "हो" आलं तर त्याचा अर्थ काय घ्यायचा? लागते की लागत नाही? दोन्ही अर्थांनी लोक बोलतात. सरळ वाक्य करा: 'झोप लागायला त्रास झाला असे किती दिवस?' सकारात्मक वाक्यांचंही तसंच. नैराश्याच्याच १९७७ च्या सीईएस-डी प्रश्नावलीतल्या २० पैकी चार वाक्यं 'मी इतरांइतकीच चांगली आहे' अशा वळणाची आहेत आणि त्यांचे गुण उलटे मोजतात. जपानमधल्या अभ्यासांत या चार वाक्यांवर लोक वेगळं वागले. स्वतःबद्दल चांगलं बोलायचा संकोच होता, त्रास जास्त होता असं नाही. आपल्याकडच्या सासुरवाशिणीला 'मी कुणापेक्षा कमी नाही' म्हणायला लावून पाहा, म्हणजे लक्षात येईल.

आता तुमचे तीन गुण.

एप्रिलमध्ये कोथरूड आणि जुलैमध्ये मुळशी, इथे मी थबकले. जुलैत मुळशीत भातलावणी असते. चिखलात दिवसभर कमरेत वाकून, संध्याकाळी घरी येऊन चूल. चौथा प्रश्न थकव्याचा आहे. त्या पंधरवड्यात 'जवळजवळ रोज' न म्हणणारी बाई मला दाखवा. आषाढी एकादशीचा उपास बहुधा याच महिन्यात, पाठोपाठ श्रावणाचे. 'भूक कमी झाली का' या पाचव्या प्रश्नाला काही जणी उपासाचे दिवस धरून उत्तर देतात. मी हे चिंचोक्यांवर प्रत्यक्ष पाहिलं आहे. वर्तमानपत्र वाचताना किंवा टीव्ही पाहताना लक्ष लागतं का, असं सातवा प्रश्न विचारतो. लावणीच्या दिवसांत टीव्ही कोण लावतं? आणि राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, २०१९ ते २०२१ मध्ये, देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. थकव्याचा प्रश्न त्यांच्या बाबतीत किती नैराश्य मोजतो आणि किती हिमोग्लोबिन?

थकवा, झोप, भूक या तीन प्रश्नांवर प्रत्येकी एक गुण वाढला की तुमचा फरक पुरा झाला. मी असं म्हणत नाही की मुळशीत नैराश्य जास्त नाही. असेलही. तुमच्या आकड्यांवरून ते अजून कळत नाही, इतकंच.

तपासायचा साधा मार्ग तुमच्या हातात आहे. प्रत्येक प्रश्नाची सरासरी दोन्ही गटांसाठी वेगळी मांडा. फरक नऊही प्रश्नांत पसरला आहे की तिघांतच साठला आहे, ते लगेच दिसेल. मग थकव्याचा प्रश्न वगळून बाकी आठांची बेरीज काढा. ही बेरीज, समजा, ६ ते ८ आहे अशा कोथरूडच्या आणि मुळशीच्या बायका वेगळ्या घ्या. बाकी त्रास सारखा असताना थकव्याला मुळशीच्या बायका सातत्याने जास्त गुण देत असतील, तर तो प्रश्न दोन्हीकडे वेगळा चालतोय. हेच काम ऑर्डिनल लॉजिस्टिक रिग्रेशन या सांख्यिकी पद्धतीने रीतसर करता येतं. प्रश्न असा दोन गटांत वेगळा चालण्याला डिफ (डिफरन्शियल आयटम फंक्शनिंग) म्हणतात.

त्याच्या पुढची पायरी मेझरमेंट इनव्हेरियन्स, मराठीत मापनाची समता म्हणू. ती टप्प्याटप्प्याने तपासतात. आधी दोन्हीकडे प्रश्नांची बांधणी सारखी आहे का. मग प्रत्येक प्रश्न नैराश्याशी सारख्याच ताकदीने जोडलेला आहे का. मग तेवढ्याच त्रासाला तेवढेच गुण मिळतात का. शेवटचा टप्पा पार झाला तरच सरासरींची तुलना न्याय्य ठरते. 'आर' या सांख्यिकी सॉफ्टवेअरमधल्या 'लवान' पॅकेजमध्ये हे होतं, फक्त उत्तरं ० ते ३ अशी क्रमवार आहेत हे त्याला सांगायला विसरू नका. प्रत्येक गटात २०० तरी असावेत असं साधारण मानतात. तुमच्याकडे दीडशेच्या आसपास आहेत, तेव्हा जे निघेल ते हात राखून लिहा. एखादाच प्रश्न अडत असेल तर तो मोकळा सोडून उरलेल्यांवर तुलना करता येते. सगळं फेकून द्यावं लागत नाही. अमेरिकेशी तुलना मात्र सोडा. तिथल्या प्रत्येक व्यक्तीची उत्तरं तुमच्याकडे नाहीत, त्यामुळे समता तपासताच येणार नाही.

स्थिरतेसाठी पुन्हा भेट लागते, आणि ती तुम्ही घेतलेली नाही. २००१ च्या मूळ अभ्यासात, क्रोएन्के आणि सहकाऱ्यांच्या, ४८ तासांच्या आत फोनवर परत विचारल्यावर सहसंबंध ०.८४ आला होता. त्याचा अर्थ एकेका माणसासाठी काय, ते पाहा. गुणांचं प्रमाण विचलन (गुण सरासरीभोवती किती पसरलेत ते) ५ धरलं तर मोजमापातली चूक साधारण २ गुणांची येते. म्हणजे १० गुण मिळालेल्या बाईचे खरे गुण ६ ते १४ मध्ये कुठेही असू शकतात. प्रश्नावली चांगली असतानाची ही गोष्ट आहे.

दुसरी भेट किती दिवसांनी? प्रश्न दोन आठवड्यांबद्दल विचारतात, म्हणून दोन-तीन आठवड्यांनी गेलात तर पूर्ण नवा काळ मोजला जाईल. दुसऱ्याच दिवशी गेलात तर आधीची उत्तरं आठवतात. मी तीन ते सात दिवस ठेवते, ५० ते १०० जणी घेते आणि शेवटी विचारते, 'मागच्या भेटीनंतर घरात काही घडलं का?' ज्यांच्याकडे घडलं त्यांचा हिशेब वेगळा.

आणि कोण शेजारी बसलं होतं ते प्रत्येक फॉर्मवर लिहा. आमच्या एका कामात दुसऱ्या भेटीला गुण सरसकट वाढले. आम्ही बराच वेळ आकडेवारीत कारण शोधत बसलो. कारण साधं होतं: पहिली भेट घरात, सासूबाई चहा टाकत तिथेच, दुसरी भेट अंगणवाडीत, एकटीशी. अशा वेळी दोन भेटींतला कमी सहसंबंध प्रश्नावलीचा दोष नसतो. विचारणाऱ्यांचाही फरक पडतो. आमची एक अत्यंत मायाळू कार्यकर्ती नववा प्रश्न "असलं काही मनात नाही ना येत तुमच्या?" असा विचारायची. ध्वनिमुद्रण ऐकेपर्यंत आम्हाला पत्ता नव्हता. तिच्या सगळ्या फॉर्मवर शून्य होतं.

इथे नवव्या प्रश्नाकडे परत येते. आपल्याकडे म्हातारी माणसं सहज म्हणतात, "आता पांडुरंगानं न्यावं." प्रश्नात 'मेलेलं बरं असं वाटतं का' असं असलं की ती 'रोज' म्हणतात. पुष्कळदा ती निरवानिरवीची भाषा असते, तृप्तीचीही असते. पण पुष्कळदा नसतेही, आणि हे फक्त पुढच्या प्रश्नाने कळतं: 'असं वाटतं तेव्हा स्वतःच जिवाचं काही बरंवाईट करावं असं मनात येतं का? कसं करायचं याचाही विचार येतो का?' आकडेवारी बिघडते म्हणून हा प्रश्न गाळणारे अभ्यास मी पाहिले आहेत. कृपा करून गाळू नका. गावात जाण्याआधी ठरवा: 'हो' आलं तर त्याच दिवशी कोण बोलणार, मानसोपचारतज्ज्ञाकडे कोण नेणार, घरच्यांपैकी कुणाला तिच्या संमतीने सांगणार. टेली-मानस हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक प्रत्येक कार्यकर्तीच्या फोनमध्ये असावा. मराठीत बोलता येतं.

मी हे इतकं ठासून सांगते त्याला कारण आहे. सुरुवातीच्या वर्षांत आमच्या एका कामात फॉर्मचा गठ्ठा चार दिवस टेबलावर पडून राहिला. डेटा भरायला बसल्यावर एका फॉर्मवर नवव्या प्रश्नाला ३ दिसले. त्याच संध्याकाळी आम्ही गाडी काढून गेलो. बाई सुखरूप होत्या, पुढे उपचारालाही आल्या. पण ते चार दिवस आमचे नव्हते, त्यांचे होते, आणि आम्ही ते कागदाखाली दाबून ठेवले होते.

प्रश्नावली नैराश्यच मोजते का, हे शेवटी प्रशिक्षित व्यक्तीच्या मुलाखतीशी ताडूनच ठरतं. गुण काय आले हे माहीत नसलेल्या मानसोपचारतज्ज्ञाने किंवा क्लिनिकल सायकॉलॉजिस्टने मिनी किंवा एससीआयडीसारखी ठरावीक मुलाखत घ्यायची. इथे विद्यार्थी हमखास एक चूक करतात: फक्त जास्त गुणवाल्यांना मुलाखतीला बोलावतात. मग प्रश्नावलीतून निसटलेल्या किती, हे कळायचा मार्गच उरत नाही. कमी गुणवाल्यांतूनही चिठ्ठ्या टाकून काही जणी घ्या.

कट-ऑफ १० हा दगडावरची रेघ नाही. मूळ अभ्यासात १० वर संवेदनशीलता (नैराश्य असलेल्यांपैकी किती पकडले) आणि विशिष्टता (नसलेल्यांपैकी किती बरोबर वगळले) दोन्ही ८८ टक्के आल्या होत्या. तेच आकडे जसेच्या तसे मुळशीला लावून पाहा. समजा १,००० बायकांत ५० जणींना नैराश्य आहे. प्रश्नावली त्यातल्या ४४ पकडेल. उरलेल्या ९५० मधल्या ११४ जणींना विनाकारण 'हो' म्हणेल. एकूण १५८ जणी, त्यात खऱ्या ४४, म्हणजे शंभरात २८. राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत झालं. त्यात सध्या नैराश्य असलेल्या प्रौढांचं प्रमाण २.७ टक्के आलं. प्रमाण इतकं कमी असलं तर शंभरातल्या खऱ्या आणखी घटतात. म्हणून '१० च्या वर इतके टक्के, म्हणजे इतक्या टक्क्यांना नैराश्य' असं वाक्य प्रबंधात कुठेही येऊ देऊ नका. 'चाचणीत पुढे तपासणी हवी असं दिसलेल्या' म्हणा. गोव्यात पाच वेगवेगळ्या प्रश्नावल्या प्राथमिक केंद्रांतल्या रुग्णांवर ताडून पाहणारा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. तो मिळवून वाचा. आपल्या शेजारचा आहे, आणि हे काम कसं करावं ते त्यात दिसतं.

एका विद्यार्थिनीला हे सगळं झेपणार नाही, मला माहीत आहे. पाच टक्के प्रमाण धरलं तर ४०० बायकांत नैराश्याच्या २० निघतील. त्यातल्या १६ प्रश्नावलीने पकडल्या तर संवेदनशीलता ८० टक्के म्हणाल, पण तिची खरी मर्यादा ५८ ते ९२ इतकी सैल असेल. ते काम चार केंद्रांनी मिळून करायचं आहे. प्रबंधाला तेवढं करायची सक्ती नसते. तुमच्याकडून जे होण्यासारखं आहे ते असं: शीर्षकातून 'नैराश्याचं प्रमाण' काढा. पीएचक्यूची भारतीय भाषांतली मोफत उपलब्ध भाषांतरं तुमच्या भाषांतराशेजारी ठेवून बघा. प्रश्नवार मांडणी आणि डिफ करा. मार्गदर्शकांना ती प्रश्नवार सरासरी दाखवा. त्यांचं मत त्या एका तक्त्याने बदलेल असं मला वाटतं.

आणि मुळशीतल्या पंधरा-वीस जणींना पुन्हा भेटा. त्यातल्या काही जास्त गुणांच्या, काही कमी. फॉर्म नेऊ नका, चिंचोके न्या. एकेक प्रश्न वाचा आणि विचारा, 'मी हे विचारलं तेव्हा तुमच्या मनात काय आलं? हेच तुम्ही तुमच्या बहिणीला कसं विचाराल?' तिचे शब्द जसेच्या तसे लिहून घ्या, शुद्ध करू नका. बेणणी उरकली आहे आणि कापणीला अजून महिनाभर आहे. या दिवसांत दुपारी दोन ते चार बायका घरी असतात, ओट्यावर निवांत भेटतात.